पाच वाजताचा खिळा

“हो,” तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण बोललो.

प्रश्न विचारणाऱ्या बाई समोर उभ्याच होत्या. साठीच्या आसपासच्या, पांढरे केस आखूड कापलेले, गळ्यात प्रदर्शनाचं कार्ड उलटं लटकलेलं, खांद्याला कापडी पिशवी. त्या एका वृद्धाश्रमाच्या संचालिका होत्या. त्यांच्याकडच्या चौसष्ट म्हाताऱ्यांच्या गळ्यात एकेक छोटा फोन असतो, त्याला एकच मोठं लाल बटण; पडलं, दुखलं, घाबरायला झालं की ते दाबायचं. फोन बनवणारी कंपनी बंद पडून चार वर्षं झाली. “फोन ठणठणीत आहेत, बॅटऱ्या तेवढ्या म्हाताऱ्या झाल्यात,” असं म्हणून बाई स्वतःच हसल्या होत्या, आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक बॅटरी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली होती. ती फुगून तिचं पोट वर आलं होतं. तसली बॅटरी बनवणारे त्या अख्ख्या दालनात दोनच जण होते आणि त्यातला एक त्याचा मालक. त्याने नवा नमुना काढला, जुन्याशेजारी ठेवून माप जुळतंय हे दाखवलं. बाईंनी तो तळहातावर घेऊन जोखला, आणि भाजीवाल्याला विचारावं तसं विचारलं, “तुम्ही स्वतःच्या आईच्या गळ्यात हे घालाल का? रात्रभर छातीवर असतं हो ते.” त्यावर त्याचं ते हो.

बाईंचा चेहरा सैल झाला. “मग ठीक आहे. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तो तुमचा खिळ्याचा प्रयोग असतो म्हणतात, तो किती वाजता?”

“शेवटचा पाच वाजता.”

“तो बघते आणि मग ठरवते,” असं म्हणून त्या गेल्या. फुगलेली बॅटरी काउंटरवरच राहिली. त्याने ती उचलून वाळूच्या बादलीत ठेवली, कारण असल्या बॅटरीला कुठे ठेवायचं हे त्याला झोपेतही कळलं असतं.

बावीस वर्षं तो हेच करत होता. तयार माल तपासायचा, बरा असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर लाल पेन्सिलीने काट मारायची. त्या पेन्सिलीमुळेच कारखान्यात त्याला मास्तर म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग सवयीने, आणि आता त्याचं दुसरं काही नाव असेल हे नव्या लोकांना ठाऊकही नव्हतं. मास्तर म्हणजे खरा माणूस, असा एक समज त्या नावाला चिकटून आला होता, आणि तो समज त्याने कधी झटकला नव्हता. आता दालनातल्या गार हवेत, नव्या गालिच्याच्या डिंकाच्या वासात उभं राहून त्याला ते हो पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. आवाज किती बरा होता! जरासुद्धा अडखळला नाही. खरं तर त्याच्या आईच्या फोनमध्ये त्यांच्या कारखान्याची बॅटरी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी आईचा फोन बंद पडायला लागला तेव्हा त्याने स्वतःच्या जुन्या, तसल्याच फोनमधली मूळ कंपनीची बॅटरी काढून तिला बसवून दिली होती, आणि आपल्या फोनला आपल्या कारखान्यातली लावली होती. आईने विचारलं, “तुमच्याकडचीच ना रे?” तेव्हा तो स्क्रू पिळत होता. दातांत दुसरा स्क्रू होता, त्यामुळे नुसतं हुं म्हणून भागलं. तेव्हापासून आई लिफ्टमध्ये भेटेल त्या शेजारणीला फोन दाखवून सांगते की ही माझ्या मुलाच्या हातची, दोन दोन दिवस उतरत नाही. शेजारणी कौतुक करतात. तो शेजारी उभा असला तर मजल्याचे आकडे बघत राहतो.

आणि तरी, तो स्वतःला समजावत होता, यात खोटं असं मी काय बोललो होतो? हुं हा काही शब्द नाही. खिळ्याच्या प्रयोगातही त्याने आजवर तोंड उघडलं नव्हतं. तो प्रयोग तीन वर्षांपूर्वी सुरू झाला. जाड काचेसारख्या प्लास्टिकची एक पेटी, आत लोखंडी पट्टी, वर बोटभर लांबीचा खिळा आणि तो खाली आणणारा दांडा. पट्टीवर बॅटरी ठेवायची, दांडा दाबायचा, खिळा आरपार. बॅटरीतून धूर नाही, ज्वाळा नाही, की माइकवाली मुलगी म्हणणार, “बघितलंत? आमची बॅटरी खिळ्यालाही भीत नाही!” आणि टाळ्या. पहिल्या खेपेला प्रदर्शनाआधी कारखान्याच्या मागच्या अंगणात तालीम केली होती. पूर्ण भरलेल्या दहा बॅटऱ्यांना खिळा मारला आणि त्यातल्या सात पेटल्या. चौथीच्या वेळी मालक पेटीच्या उघड्या दारातून जरा वाकून बघत होते, तर त्यांची एक भुवई गेली. जळालेल्या भुवईवर बोट ठेवून मालक म्हणाले, “मास्तर, रिकाम्या लावा.” रिकाम्या बॅटरीत आग लागायला काही उरलेलंच नसतं, तिला खिळा मारा नाहीतर करवतीने कापा. “साहेब, पण त्यातून कळणार काय?” एवढं त्याने विचारलं होतं. मालक म्हणाले, “तुम्हाला काही कळायचं राहिलंय का? मग झालं तर. बाकीच्यांना डोळ्यांनी बघितल्याचं समाधान.” मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याच्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी गाडी पाठवली होती, स्वतः दोनदा चौकशी केली होती. तेव्हापासून प्रत्येक प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो तीस-चाळीस बॅटऱ्या यंत्रावर लावून पार निथळून घ्यायचा, निळ्या ट्रेमध्ये ओळीने मांडायचा, आणि दर दोन तासांनी दांडा दाबायचा. बोलायची ती मुलगी. तो आपला दांड्यापुरता. ही वाटणी त्याला बरी वाटायची, झोपही चांगली लागायची. आज पहिल्यांदाच त्याचं तोंड या कामाला जुंपलं गेलं होतं आणि ते इतकं तयारीचं निघालं याचा त्याला धक्का बसला.

साडेतीनला तो उठला. “चहा पिऊन येतो,” असं माइकवालीला सांगून बाईंना शोधत निघाला. सांगून टाकायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. चार वाक्यं. बाई, या बॅटऱ्या घेऊ नका. प्रयोगातल्या रिकाम्या असतात. भरलेल्या दहातल्या सात पेटतात. मला माफ करा. वाटेतले स्टॉल त्याच्या अंगावर येत होते, कुणी पेन देत होतं, कुणी पिशवी, एक माणूस मोबाइलच्या काचेवर हातोडी मारून दाखवत होता आणि काच फुटत नव्हती. ती कशी फुटत नाही हेही त्याला माहीत होतं. प्रत्येक टेबलामागे आपल्यासारखा एकेक मास्तर उभा आहे, असं त्याच्या मनात आलं.

बाई उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलावर पाव खात बसल्या होत्या. त्यांनीच हाक मारली. “अहो, या ना! बसा. एकटीने खायचं म्हणजे जीवावर येतं. आमच्याकडे जेवायला बसलं की सत्तर माणसं.”

तो बसला. चहाचा कागदी पेला दोन्ही हातांत धरून म्हणाला, “बाई, ते मघाशी तुम्ही विचारलंत ना...”

“आईचं? ते मी सगळ्यांना विचारते. गादीवाल्याला, औषधवाल्याला. तो त्या पलीकडच्या स्टॉलवरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, मॅडम, गॅरंटी सहा महिने आहे.” त्या हसल्या. “तुम्ही पटकन हो म्हणालात. बरं वाटलं. आमच्याकडे एक आजी आहेत, त्या रोज पहाटे बटण दाबतात. आम्ही धावत जायचं, तर म्हणतात, काही नाही गं, मला काही झालेलं नाही, एवढंच सांगायचं होतं. आता त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? पण मागच्या महिन्यात त्यांची बॅटरी बसली. पहाटे बटण दाबलं ते आम्हाला कळलंच नाही. सकाळी जाऊन बघितलं तर भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही आता यायचं बंद केलंत.” बाईंनी पावाचे कण बोटाने गोळा केले. “हं, तुम्ही काय म्हणत होतात?”

चारही वाक्यं त्याच्या जिभेवर होती. त्याने चहाचा घोट घेतला तर तीही त्याबरोबर खाली गेली. “काही नाही,” तो म्हणाला. “पाचला जरा लवकर या. पुढे जागा मिळेल.”

परत येताना त्याला स्वतःची किळस आली, पण नवल वाटलं नाही. आयुष्यात एकही नकोशी गोष्ट त्याने आपल्या तोंडाने कुणाला सांगितली नव्हती. शाळेत असताना गणितात नापास झाला तेव्हा प्रगतिपुस्तक जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवून तो खेळायला निघून गेला होता. आल्यावर मार खाल्ला, पण सांगायची वेळ टळली. वडिलांच्या तपासणीचा कागद दवाखान्यातून त्यानेच आणला होता. जिन्यातच उघडून वाचला, दोनदा वाचला, आणि मग पाकीट पुन्हा नीट चिकटवून मोठ्या भावाच्या बशीखाली ठेवून दिलं. भावाने ते वाचलं, याला अजून काही माहीत नाही असं समजला, आणि धाकट्याला कशाला आत्ताच सांगा म्हणून दोन महिने एकट्याने ते ओझं वाहिलं. एकाच खोलीत झोपायचे दोघे. भाऊ अंधारात उसासे टाकायचा आणि हा झोपेचं सोंग घेऊन पडायचा. वडील गेल्यावर भाऊ म्हणाला, “तुला उशिरा सांगितलं, रागावू नकोस.” तेव्हाही याने मान हलवली, भावाला माफ केल्यासारखी. भाऊ आता परगावी असतो, फोनवर हवापाण्याच्या गोष्टी होतात. बायको म्हणते, “तुमच्याशी भांडताच येत नाही, हीच तर माझी तक्रार आहे.” तो यावर हसतो. ती पूर्वी हसायची, आता हसत नाही.

स्टॉलवर आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. काउंटरच्या मागे शोभेसाठी चार्जरची एक रांग लावलेली होती, आणि तिसऱ्या चार्जरवर नेमकी बाईंच्या फोनला बसणारी नवी बॅटरी होती. तिचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे ती काठोकाठ भरली होती. तो दिव्याकडे बघत राहिला आणि एकदम त्याला हलकं वाटलं. आपण कशाला सांगायला हवं? ही सांगेल. पाच वाजता निळ्या ट्रेमधली न घेता हीच उचलायची, मीटर लावून भरलेली आहे हे सगळ्यांना दाखवायचं आणि दांडा दाबायचा. पेटी जाड आहे, कुणाला इजा व्हायची नाही. भडका उडेल, धूर होईल, तो गोडसर कुजका वास सगळ्या दालनात पसरेल, आणि बाई पिशवी उचलून चालू पडतील. मालक काय म्हणतील, नोकरीचं काय होईल, हे सगळं नंतरचं. त्याने वाळूची बादली पायाशी ओढली. लोकांना थोपवायची दोरी दोन हात मागे सरकवली. आग विझवायच्या नळकांड्याची पिन तपासली.

“दोरी का हो मागे घेतलीत?” माइकवालीने विचारलं.

“शेवटचा प्रयोग आहे. गर्दी होईल.”

“मास्तर, आज खुशीत दिसताय!” ती म्हणाली, आणि ते खरं होतं. त्याचे हात गरम झाले होते, आणि कितीतरी वर्षांनी त्याला आपण धाडसी असल्याचा भास होत होता.

पाचला पंचवीस-तीस माणसं जमली. बाई सगळ्यात पुढे, दोरीला चिकटून. मालक एका कोपऱ्यात हात मागे बांधून उभे. माइकवालीने तिचं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली आणि त्याने मागे वळून चार्जरवरची बॅटरी काढली. ती हाताला कोमट लागली. मीटरची टोकं लावून त्याने पडदा लोकांकडे फिरवला. पूर्ण भरलेलीचा आकडा लखलखीत दिसत होता. असं त्याने यापूर्वी कधीच केलं नव्हतं, म्हणून मुलगीही जरा थांबली, मग हुशारीने म्हणाली, “बघा, बॅटरी पूर्ण भरलेली आहे!” मालकांचा हात भुवईकडे गेला. त्यांची नजर त्याच्या नजरेला भिडली, आणि मालक एक पाऊल मागे सरकले. कुणाला काही म्हणाले मात्र नाहीत. त्याने मीटरच्या टोकांसकट बॅटरी पट्टीवर ठेवली, पेटीचं दार लावलं, बाईंकडे एकदा बघितलं आणि दांडा दाबला. खिळा कच्चकन आत गेला.

काहीच झालं नाही. बॅटरी खिळ्याभोवती जराशी फुगली, बुडबुड्याएवढा वाफेचा एक ठिपका वर आला आणि विरला. मीटरचा आकडा भराभर उतरत शून्यापाशी गेला. तो दांड्यावर हात ठेवून वाट बघत राहिला. पेट ना, तो मनात म्हणत होता, अगं पेट. दहा मोजले, वीस मोजले. टाळ्या सुरू झाल्या. तेव्हा कुठे त्याला अंगणातल्या उरलेल्या तीन आठवल्या, ज्या नुसत्या गरम होऊन निवल्या होत्या. एका नमुन्यावर कधीही माल पास करायचा नाही, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहून कारखान्याच्या भिंतीवर लावलं होतं. बावीस वर्षांत तो नियम त्याने एकदाच मोडला होता, तो आज.

दोरी उचलून बाई आत आल्या. “मी आकडा बघितला हं,” त्या म्हणाल्या. “खरं सांगू? माझ्या मनात शंका होती, की हे लोक रिकामी बॅटरी लावत असतील. आमच्या हिशेबनिसाने मला तसं बजावलं होतं. पण तुम्ही भरलेली दाखवलीत. आता मला काही विचारायचं नाही.”

“बाई,” तो म्हणाला, “एका बॅटरीवरून काही ठरत नसतं.”

बाईंनी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. “म्हणूनच तुम्हाला मास्तर म्हणत असतील. एवढं करूनही फुशारकी नाही. तुमच्याच हाताने तपासून पाठवा, म्हणजे झालं.” त्यांनी चौसष्ट बॅटऱ्यांच्या मागणीचा फॉर्म तिथेच उभ्या उभ्या भरला, सही करून त्याच्याकडे दिला, आणि त्याच्या हातावर एक थाप मारून निघाल्या.

मग मालक आले. चेहरा फुललेला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, कमाल केलीत! मला आधी सांगायचं तरी. माझा तर जीव टांगणीला लागला होता. म्हणजे आपला माल सुधारलाय की! आणि आपण तीन वर्षं उगाच घाबरत बसलो.” मागे वळून ते माइकवालीला म्हणाले, “उद्यापासून सगळे प्रयोग भरलेल्या बॅटरीचे. आकडा दाखवायचा. आणि ही दोरी कशाला इतकी मागे? लोकांना जवळून बघू दे. पेटीला हात लावू दे.”

“नको साहेब!” तो ओरडलाच. “पेटतील. दहातल्या सात पेटतात. आजची वाचली ते नशीब. पेटीचं दार उडालं तर ही पोर भाजेल.”

हे सगळं त्याने एका दमात म्हटलं. मोठ्याने, सरळ, न अडखळता. मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी चारी बाजूंना बघून घेतलं. ऐकायला कुणी उरलेलं नव्हतं. मग ते थकलेल्या आवाजात म्हणाले, “बरं. मग रिकाम्याच लावा.” फॉर्म त्याच्या हातातून घेऊन त्यांनी फायलीत ठेवला, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून ते दुसऱ्या पाहुण्याकडे गेले.

तो तिथेच उभा राहिला. उद्या इथे येणाऱ्या चार माणसांसाठी आपली जीभ इतकी झटकन उचलली गेली, आणि त्या चौसष्ट जणांसाठी ती दुपारपासून हलली नाही, हे त्याला लख्ख कळलं. आणि लाज वाटली. मधली वाट सरळ दाराकडे जात होती आणि दाराशी रांग लागली होती, कारण तिथला पहारेकरी प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता. रांगेत बाईंचे पांढरे केस दिसत होते. त्यांच्यापुढे आठ-दहा माणसं असतील. एकदा त्या मागे वळल्या, त्याला बघून त्यांनी हात हलवला, आणि त्यानेही हलवला. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. बाईंची पाळी आली तेव्हा पिशवीतल्या वस्तू त्यांनी एकेक करून टेबलावर काढून ठेवल्या, चष्म्याचं घर, रुमाल, औषधाचं पाकीट, आणि तितक्याच सावकाश परत भरल्या. पहारेकऱ्याशी काहीतरी बोलून हसल्या. त्या दाराबाहेर जाईपर्यंत तो बघत राहिला. वेळ भरपूर होता.